मुलीचं इंग्रजी बघायला

आमच्या लातूर-औसा पट्ट्यात मुलगी बघायला जाताना गाडीत माणसं कामं वाटून घेऊन बसतात. आत्या मुलीचा रंग बघते, मामा घराचा स्लॅब बघतो, काकू मुलीला चालायला लावून पाय बघते. आणि गेल्या काही वर्षांत त्या गाडीत आणखी एक माणूस कोंबला जाऊ लागला आहे. तो मुलीचं इंग्रजी बघतो. मुलाच्या घरात वर्तमानपत्र फडताळात अंथरण्यापुरतंच येत असलं तरी चालतं, पण सुनेचं इंग्रजी तपासून घ्यायचं. बैलाचे दात बघतात ना, तसं.

या कामात पंचाक्षरी सरांचं नाव मोठं होतं. लातूरच्या ज्युनिअर कॉलेजात आयुष्यभर इंग्रजी शिकवून ते निवृत्त झाले होते. भावकीत कुठेही मुलीचा कार्यक्रम निघाला की आदल्या दिवशी फोन यायचाच, "सर, उद्या जरा येताव का?" सर आढेवेढे घ्यायचे आणि शर्ट इस्त्रीला टाकायचे. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, खिशाला पेन, चेहऱ्यावर जगाविषयीचा कंटाळा. असा माणूस बैठकीत शिरला की मुलीकडच्यांचं अर्धं अवसान तिथंच गळायचं.

सरांचा प्रश्न ठरलेला होता. इंग्रजीतले पाच शब्द. प्रेस, पुश, स्क्वीझ, क्रश आणि स्क्वॉश. "पाचांचाही अर्थ दाबणे. मग बेटा, फरक काय?" एवढं विचारून ते मागे टेकून बसायचे. मुलगी गडबडायची. दाबणे म्हणजे दाबणे, त्यात फरक कसला असणार? मग सर समोरच्या बशीतल्या लिंबाची फोड उचलायचे आणि विचारायचे, "हे काय करशील?" देगलूरच्या एका मुलीने घाबरून सांगितलं, "क्रश." सर हसले. नुसते हसले नाहीत, सगळ्या बैठकीकडे वळून हसले. त्या मुलीचा बाप हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, "शिकवून घेतो सर, तेवढं एक येत न्हाई तिला." सरांना वाटलं, हा मनुष्य इंग्रजी भाषेची माफी मागतो आहे. त्यांनी मोठ्या मनाने केलं माफ.

मनुष्य वाईट नव्हता, एवढं त्यांच्या बाजूने म्हणायला हवं. शब्दांवर त्यांचं खरं प्रेम होतं. शेजारी-शेजारी राहणाऱ्या दोन शब्दांतली भिंत ज्याला दिसत नाही, त्याला भाषा कळली नाही, असं ते मानत आणि ते चूकही नव्हतं. पण प्रेम शब्दांवर आणि माणसांविषयी तुच्छता, ही जोडी सरांमध्ये अशी सुखाने नांदत होती की घरातल्यांनाही तिची सवय झाली होती. विद्यार्थी गाढव, शेजारी अडाणी, प्राचार्य तर विचारूच नका. आणि नांदेड-लातूरचे क्लासवाले? सरांचा एक सिद्धांतच होता, की हाताची घडी घालून बोर्डावर स्वतःचा फोटो लावणाऱ्याला इंग्रजी येणं शक्य नाही.

एकाच माणसाला त्यांनी कधी गाढव म्हटलं नाही. ती त्यांची मुलगी, शिवकन्या. ती लहान असताना सरांनी तिला तेच पाच शब्द स्वयंपाकघरात शिकवले होते, पण हसून नव्हे, हातात हात घेऊन. दाराची घंटी दाबायची ती प्रेस. दाब द्यायचा, वस्तू जागची हलत नाही आणि बदलतही नाही. बंद पडलेली स्कूटर ढकलायची ती पुश. लिंबू मुठीत धरून सगळ्या बाजूंनी आवळायचं आणि आतलं बाहेर काढायचं ते स्क्वीझ. शेंगदाणे खलबत्त्यात घातले की त्यांचा दाणा म्हणून काही उरत नाही, ते क्रश. आणि पिशवीत तळाला जाऊन चपटं झालेलं केळं, त्या बिचाऱ्याचं झालं स्क्वॉश. शिवकन्येने ते केळंही खाल्लं होतं. पुढे तिने इंग्रजीतच एम.ए. केलं आणि आता ती नांदेडला, विष्णुपुरीकडच्या एका कॉलेजात इंजिनिअर होऊ घातलेल्या मुलांना चार वाक्यं धड बोलायला शिकवत होती.

तिचं लग्न जमत नव्हतं. मुलगी जास्त शिकलेली, जास्त बोलणारी, वर नोकरी सोडायला तयार नाही. जी तऱ्हा सर इतरांच्या घरी करायचे, तीच लोकांनी त्यांच्या घरी येऊन केली होती. नाक मुरडून गेले, मग फोन उचलला नाही. महानंदाबाई, सरांच्या पत्नी, रोज सकाळी देवासमोर जास्त वेळ बसू लागल्या होत्या. आणि अशात औशाचं स्थळ आलं. मुलगा महांतेश, पुण्यात इंजिनिअर. वडील वैजनाथअप्पा, औशाला डाळमिल आणि मळ्यात ऊस. मुलाने शिवकन्येशी फोनवर दोनदा बोलून घेतलं होतं आणि नोकरीला त्याची हरकत नव्हती. "बरा वाटला," एवढंच शिवकन्या म्हणाली. पण ती असं याआधी कुणाविषयी म्हणाली नव्हती, म्हणून महानंदाबाईंनी ते सोनं मानलं.

पाहुणे येण्याआधी त्यांनी नवऱ्याला आतल्या खोलीत गाठलं. "अहो, आज तुम्ही मास्तर न्हाईत. आज तुम्ही पोरीचे बाप. कोण काय बी बोलू द्या, तुम्ही तोंड उघडायचं न्हाई."

"मी काय बोलतो कुणाला?" सर म्हणाले.

"बोलत न्हाई, नाकानं हसताव. ते बी करू नका."

पाहुणे आले. वैजनाथअप्पा, त्यांची बायको, महांतेश आणि गाडीच्या पुढच्या सीटवरून उतरलेला चौथा इसम. गॉगल, घट्ट शर्ट, हातात दोन मोबाइल. मुलाचे मामा, सुदर्शन सर. नांदेडला यांचे स्पोकन इंग्लिशचे क्लास. सरांनी त्यांना लगेच ओळखलं. नांदेडला मुलीकडे जाताना त्यांचा बोर्ड लागायचा. हाताची घडी घातलेला फोटो, तोच हा. सर नाकाने हसणार होते, पण दारातून महानंदाबाई बघत होत्या.

मुरमुऱ्यांचा सुशीला आला, चहा आला. वैजनाथअप्पा मोकळ्या स्वभावाचे दिसले. त्यांनी पावसाचं सांगितलं, डाळीच्या भावाचं सांगितलं आणि मग उसाकडे वळले. "यंदा कारखान्याचं क्रशिंगच लांबलं बघा सर. आमचा ऊस अजून फडात उभा हाय. क्रशिंग चालू झाल्याबिगर काय खरं न्हाई." सरांनी मान डोलावली. औशाच्या माणसाच्या तोंडी हा शब्द इतका रुळलेला असतो की तो इंग्रजी आहे हेही कुणाच्या ध्यानात राहत नाही.

शिवकन्या येऊन बसली. आत्या-काकू कुणी नव्हत्या, त्यामुळे चालून दाखवायचं टळलं. मामांनी गॉगल काढून खिशात अडकवला आणि घसा साफ केला.

"यू आर इंग्लिश टीचर, राइट? देन टेल मी. प्रेस, स्क्वीझ, क्रश. सेम मीनिंग ऑर डिफरंट?"

पंचाक्षरी सर खुर्चीत ताठ झाले. प्रश्न त्यांचा होता! कुठून कुठून फिरत, कुणाकुणाच्या तोंडून नांदेडला गेला होता आणि आज स्वतःच्या घरी परत आला होता. दोन शब्द गाळून आला होता, पण आला होता. इतका आनंद त्यांना निवृत्तीच्या समारंभातही झाला नव्हता. विचार म्हणावं, विचार. या प्रश्नावर लातूर जिल्ह्यातली कुठलीही पोरगी आपटेल, पण ही नाही.

आणि खरंच, शिवकन्येने फार सुंदर उत्तर दिलं. पाठ केल्यासारखं नाही, समजावून सांगितल्यासारखं. प्रेसमध्ये वस्तू तशीच राहते, स्क्वीझमध्ये ती आवळली जाते आणि बहुधा आतलं काही बाहेर येतं, क्रशमध्ये ती मोडते, पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. बोलताना तिचे हात आपोआप हलत होते. महांतेश तिच्याकडे बघत होता आणि त्याला ती आवडल्याचं आंधळ्यालाही दिसलं असतं. महानंदाबाईंनी दाराआड डोळे मिटले.

"ओके," मामा म्हणाले. "नाउ टेल मी. ऊस. कारखान्यात उसाचं काय करतात?"

"क्रश करतात," शिवकन्या म्हणाली.

मामांनी जीभ टाळ्याला लावून चुकचुक केलं. "राँग. रस बाहेर निघतो ना? आताच तुम्ही बोलल्या, आतलं बाहेर काढणं म्हणजे स्क्वीझ. तर ऊस स्क्वीझ करतात. बेसिक आहे हो."

शिवकन्या आधी गोंधळली, मग हसून म्हणाली, "पण सर, सगळीकडे क्रशिंग म्हणतात. चिपाड होतं ना उसाचं, ऊस राहतच नाही. आता काकासुद्धा क्रशिंगच म्हणाले."

सगळ्यांनी वैजनाथअप्पांकडे बघितलं. ज्यांचा ऊस फडात उभा होता, जे चहा घेताना तो शब्द दोनदा बोलले होते, ते वैजनाथअप्पा बशीतला सुशीला फार लक्षपूर्वक खात होते. मुलाच्या आईने पदर सावरला. महांतेशने मोबाइल काढला. साखर कारखान्यांच्या या पट्ट्यात, जिथे शाळेत न गेलेला माणूससुद्धा क्रशिंग म्हणतो, तिथे एका बैठकीत बसलेल्या एवढ्या माणसांना एकाएकी उसाचं काय करतात ते आठवेनासं झालं. हसावं की रडावं?

"अडाणी लोक काहीही म्हणतात," मामा म्हणाले आणि सरांकडे वळले. "आपण घरातच विचारू की. सर, तुम्ही इंग्रजीतले जुने माणूस. तुम्ही सांगा. कुणाचं बरोबर?"

शिवकन्या वडिलांकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. शर्यत जिंकल्यावर आपल्या माणसाकडे बघावं तसं ती बघत होती.

सरांना उत्तर माहीत होतं. झोपेत उठवून विचारलं असतं तरी त्यांनी ते दिलं असतं. त्यांना हेही कळत होतं की समोरचा माणूस उथळ आहे, आणि एरवी त्यांनी त्याला चार वाक्यांत असा सोलला असता की तो गॉगल विसरून पळाला असता. पण आज ते मुलीचे बाप होते. त्यांना याआधी नाक मुरडून गेलेले लोक आठवले, देवासमोर बसलेली बायको आठवली, "बरा वाटला" म्हणणारी मुलगी आठवली. एका शब्दासाठी चालून आलेलं स्थळ मोडायचं? एका उसासाठी? भीती वाटली त्यांना, सरळ भीती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुकांवर हसलेला माणूस भ्यायला की इतका भितो, हे त्यांचं त्यांनाही नवीन होतं.

"सुदर्शन सरांचं बरोबर आहे," ते म्हणाले. "मुलीचं थोडं चुकलं."

आणि एवढ्यावर थांबायचं सोडून, समोरच्यांचे चेहरे सैल झालेले बघून, त्यांनी पुढे जोडलं, "शिकवून घेतो मी तिला. तेवढं एक येत नाही."

मामा खूश झाले. वैजनाथअप्पा तर उठून सरांच्या शेजारी येऊन बसले आणि त्यांनी सरांच्या मांडीवर हात ठेवला. पसंती तिथल्या तिथे सांगून टाकली. मुलाच्या आईने शिवकन्येला कुंकू लावलं. शिवकन्येने मान खाली घालून लावून घेतलं आणि आत निघून गेली. लाजली, असं सगळे म्हणाले.

पाहुणे गेल्यावर सर स्वयंपाकघरात आले. आपण फार मोठा त्याग केला, असं त्यांना तोवर वाटू लागलं होतं. ज्ञानी माणसाने पोरीच्या सुखासाठी अज्ञान पत्करलं, केवढी गोष्ट! ते तसं बोललेही. शिवकन्या कपबश्या विसळत होती.

"अप्पा, मुलगा मला वाईट वाटला नाही," ती वडिलांना म्हणाली. "मघाशी मोबाइलमध्ये तोंड घातलं त्याने, ते मी त्याला विचारून घेईन. मी या लग्नाला हो म्हणते. फक्त तुम्ही त्यांना फोन करून खरं सांगा. क्रशच बरोबर आणि शिवकन्येचं चुकलं नव्हतं. बस, एवढंच."

"अगं, एवढ्याशा गोष्टीसाठी..."

"एवढीशी आहे ना? मग सांगायला काय जातंय?"

"कशाला उकरून काढायचं?" महानंदाबाई मध्ये पडल्या. "जमलंय ते जमू द्या की."

"आई, त्या मामाने मला चूक म्हटलं, त्याचं मला काही नाही. तो कोण माझा? पण अप्पांनी म्हटलं. उद्या तिथं गेल्यावर कुणी मला खोटं पाडलं, तर मी कुणाकडे बघायचं?"

सर दिवाणखान्यात जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते पंख्याखाली बसून होते, फोन हातात घ्यायचे आणि ठेवायचे. मोठमोठ्या बैठकीत लोकांना घाम फोडणाऱ्या माणसाला एक फोन लावायला घाम फुटला. शेवटी शिवकन्या नांदेडच्या गाडीसाठी बॅग भरून समोर येऊन बसली, तेव्हा त्यांनी नंबर लावला. तिने फोन त्यांच्या हातातून घेतला, स्पीकर चालू केला आणि टीपॉयवर ठेवला.

"बोला बोला व्याही!" वैजनाथअप्पांचा आवाज खोलीभर झाला.

सरांनी घसा खाकरला. "अप्पा, ते कालचं एक सांगायचं होतं. उसाला... म्हणजे इंग्रजीत... क्रशच म्हणतात. मुलीचं बरोबर होतं. मी जरा, काय म्हणतात ते, पाहुण्यांचा मान म्हणून..."

पलीकडे वैजनाथअप्पा हसत सुटले. चांगलं मनमोकळं, पोट धरून.

"काय सांगायलाव सर! आमचा ऊस अन् आम्हाला ठाऊक नसंल व्हय? सुदर्शनला बी ठाऊक हाय. येतंय त्याला तेवढं इंग्रजी. मुद्दाम उलटं सांगतो त्यो. पोरगी चुकली तर सवालच न्हाई, बाप आपसूक हात जोडतो. पण बरोबर बोलली की तिला चूक म्हणायचं, अन् मग बापाकडं बघायचं, ह्यो काय म्हणतो. निलंग्याला एक बाप लागला भांडायला. उठून आलो आम्ही. अहो, पोरगी हुशार असली तर चांगलंच हाय, पण हुशार पोरीचा बाप नरम पायजे. न्हाई तर उद्या घरात जरा काही झालं की ह्यो हजर, गाडी काढून! तुम्ही लई नरम निघाले बघा. आमची मंडळी वाटेत म्हणायली होती, असे व्याही नशिबानं भेटतात."

मान, शिक्षण, त्याग, सगळं एकदम सरांच्या तोंडाशी आलं आणि त्यातून बाहेर पडलं ते एवढंच, "हे बरोबर नाही अप्पा. मीही किती ठिकाणी गेलोय. मी कधी असं केलं नाही. मी खरोखर मुलीचं इंग्रजी बघायचो."

"तुम्ही बघत असाल की," वैजनाथअप्पा समजुतीच्या सुरात म्हणाले. "पण नेणारे काय बघत होते? सर, आपल्याकडं सुनेला इंग्रजी कशाला लागतंय? भाकरी टाकायला? तुम्ही सवाल टाकला की पोरीचा बाप असा घामाघूम व्हायचा, असा मऊ पडायचा, की पुढची बोलणी सोपी. त्याच्यासाठीच तर न्यायचे लोक तुम्हाला. लातुरात तुमच्यासारखा दुसरा माणूस नव्हता त्या कामाला. सुदर्शनसुद्धा तुमचंच बघून शिकला, म्हणतो ना त्यो. तुम्हाला कुणी सांगितलं न्हाई व्हय?"

किती बैठका, किती बशा, किती मुली. त्या मुलींचे चेहरे सरांना थोडेफार आठवत होते, कारण चुका आठवत होत्या. बापांचे चेहरे त्यांनी कधी बघितलेच नव्हते. आणि लोक मात्र इतकी वर्षं त्यांना गाडीत पुढे बसवून त्यासाठीच नेत होते. इंग्रजीचा मान म्हणून नव्हे. त्यांना लाज वाटली, अशी की मुलीकडे बघवेना.

शिवकन्येने फोन उचलला. आवाज शांत होता.

"काका, शिवकन्या बोलतेय. तुम्हाला आमचे अप्पा पसंत पडले, ऐकून बरं वाटलं. आता असं करा, त्यांनाच घेऊन जा. नरम आहेत, शिकलेले आहेत, घरात कुणाला उलट बोलायचे नाहीत. मी येत नाही."

"अगं पोरी, थट्टा..."

तिने फोन बंद करून पुन्हा टीपॉयवर ठेवला. महानंदाबाई दारात उभ्या होत्या. त्या रडतील असं सरांना वाटलं, पण त्या नवऱ्याकडे बघत होत्या आणि त्या बघण्यात रडू नव्हतं. शिवकन्येने बॅग खांद्याला लावली, आईला वाकून नमस्कार केला आणि चपला घातल्या.

टीपॉयवरचा फोन पुन्हा वाजू लागला. पडद्यावर वैजनाथअप्पांचं नाव होतं. सर त्याच्याकडे नुसतेच बघत बसले.

"उचला अप्पा," शिवकन्या दारातून म्हणाली. "तुमचंच स्थळ आहे."